विसावा आणि पाचारण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या कृतज्ञतेच्या मिस्सेनंतर प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास आज पन्नास वर्षे पूर्ण झाली, ह्याबद्दल परमेश्वराचे उपकार आपण नुकतेच वेदीपाशी मानले. गेले तीन महिने ह्या सोहळ्यासाठी आपण सर्वांनी जी धावपळ केली ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. कोणी मंडप घातला, कोणी वर्गणी जमविली, कोणी गायनाच्या तालमी घेतल्या, तर कोणी ह्या स्मरणिकेसाठी जुनी कागदपत्रे आणि छायाचित्रे धुंडाळली. अशा वेळी मी विसाव्याविषयी बोलावयास उभा राहिलो म्हणजे आपणांस नवल वाटेल. परंतु ज्या शब्दावरून आपण हा उत्सव मांडला आहे त्या ‘ज्युबिली’ शब्दाचाच मुळी विसाव्याशी संबंध आहे. तो मूळचा इब्री शब्द असून, जे मेंढ्याचे शिंग फुंकून त्या वर्षाची घोषणा करीत, त्या शिंगाशी त्याचे नाते जोडतात. लेवीयच्या पुस्तकात मोशेला जी आज्ञा दिलेली आहे तीप्रमाणे पन्नासाव्या वर्षी इस्राएल लोकांनी शेत पेरावयाचे नव्हते, आपोआप उगवलेल्या पिकाची कापणी करून कोठारे भरावयाची नव्हती. कर्जापायी दास झालेल्यास मोकळे करावयाचे होते, आणि विकली गेलेली जमीन तिच्या मूळ घराण्याकडे परत जावयाची होती. सारांश, जमिनीने विसावा घ्यावा, माणसाने मोकळे व्हावे, आणि जे ज्याचे ते त्यास परत मिळावे, असा ज्युबिलीचा अर्थ आहे. ह्या तीनही गोष्टी मनात ठेवून मला आज आपणांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

बोलण्यास निमित्तही तसेच आहे. ह्या वर्षाअखेर मला पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील. १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणे त्या वयास पोहोचलेल्या धर्मगुरूने आपल्या पदाचा राजीनामा महागुरुस्वामींकडे सादर करावा, अशी त्यास विनंती करण्यात आली आहे. तो स्वीकारावयाचा की पुढे ढकलावयाचा हा निर्णय महागुरुस्वामींचा. माझे पत्र मी त्यांच्या हाती दिलेले आहे. ही वार्ता फुटल्यापासून दोन प्रकारची माणसे माझ्या दारी येऊ लागली. पहिली म्हणतात, “फादर, आपण जाऊ नये, आपल्यावाचून ह्या देवळाचे कसे होईल?” त्यांनी सह्यांचा एक अर्ज तयार केला असून तो आज येथेच महागुरुस्वामींस देण्याचा बेत आहे, असे माझ्या कानी आले आहे. दुसरी म्हणतात, “फादर, पुष्कळ केलेत, आता सारे सोडून स्वस्थ विसावा घ्या.” दोन्ही बोलणी प्रेमाचीच आहेत, आणि त्या प्रेमाचा मी ऋणी आहे. तथापि पहिल्या बोलण्यात असे गृहीत धरलेले आहे की पाचारण असलेल्या मनुष्यास विसाव्याचा अधिकार नाही. आणि दुसऱ्यात असे की विसावा आला म्हणजे पाचारण संपले. मला ह्यांपैकी एकही गोष्ट खरी वाटत नाही. ती का वाटत नाही हेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

प्रथम विसाव्याविषयी. पुष्कळ सज्जन मनुष्यांस विसावा म्हणजे आळसाचा भाऊ वाटतो. आपल्या वसईच्या कष्टाळू माणसांस तर तो विशेषच वाटतो. पहाटे उठून भाजीच्या वा फुलांच्या टोपल्या घेऊन पहिली गाडी पकडणाऱ्या माताभगिनींस ‘जरा बसा’ म्हटले तर त्या हसतात. परंतु सीनाय पर्वतावर देवाने दहा आज्ञा दिल्या तेव्हा ‘खून करू नको’, ‘चोरी करू नको’ ह्यांच्याच पंक्तीस सातव्या दिवसाचा विसावा ठेविला, हे आपण विसरतो. आणि ती आज्ञा घरधन्यापुरती नाही. मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, आणि दाराशी उतरलेला परका मनुष्य, ह्या सर्वांस तो विसावा मिळाला पाहिजे असे तेथे नावानिशी सांगितले आहे. अनुवादाच्या पुस्तकात त्याचे कारणही दिले आहे: तुम्ही मिसर देशात दास होता ह्याची आठवण ठेवा. ज्यास थांबण्याचा अधिकार नाही तो दास. देवाने आपल्या लोकांस दास्यातून सोडविले, म्हणून त्यांस थांबण्याचा दिवस दिला. आपल्या महाराष्ट्रात देशावर पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. मुक्या जनावरासही एक दिवस त्याचा असतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही.

माणसास मात्र तो दिवस झगडून मिळवावा लागला. मुंबईच्या कापडगिरण्यांतून एके काळी मजुरांस आठवड्याची ठराविक सुट्टी नव्हती. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून ह्या गिरणी-मजुरांची संघटना बांधून सुट्टीची मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते तोच १५ मे १८९१ रोजी पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोवारुम’ हे आपले विश्वपत्र प्रसिद्ध केले, आणि त्यात मजुराच्या रास्त वेतनाबरोबरच त्याच्या रविवारच्या विसाव्याचाही कैवार घेतला. लोखंडे मुंबईत आणि पोप लिओ रोमेत. एक गिरणगावातील पुढारी आणि दुसरे ख्रिस्तसभेचे मस्तक. तरी दोघांनी एकाच गोष्टीसाठी आवाज उठविला. विसावा ही श्रीमंताची चैन नव्हे, तो गरिबाचा हक्क आहे, हे ह्यावरून दिसून येते.

ज्या रविवारसाठी इतके कष्ट झाले तो रविवार आपण आज किती सहज हातचा घालवीत आहो! खिशातील फोन रात्री अंथरुणापर्यंत येतो, आणि त्याबरोबर कचेरीही येते. रविवारी सकाळी घड्याळ पाहत मिस्सा ऐकावयाची, आणि बाहेर पडताच दुकान, शिकवणी अथवा राहिलेले काम ह्यांच्या मागे लागावयाचे. मुलाने बापाशी बोलावे तरी कधी? आपल्या वाडवडिलांस ह्या बाबतीत अधिक शहाणपण होते, आणि ते त्यांस बावखलाने शिकविले होते. पूर्वी आपल्या वाड्यांतून बावखल असे आणि त्यावर रहाट फिरे. तो दिवसभर फिरला तरी केव्हा तरी थांबे, आणि थांबल्यावर झऱ्यांनी पाणी पुन्हा भरून येई. पुढे यंत्रे आली, आणि जेथे ती रात्रंदिवस उपसू लागली तेथे जमिनीखालचे गोडे पाणी हटून समुद्राचे खारे पाणी आत शिरले. विहीर आटली तर निदान कळते. खारी झालेली विहीर वरून भरलेलीच दिसते, पण तिच्या पाण्याने पानवेल करपते. माणसाचेही असेच होते. विसावा न घेणारा मनुष्य काम करीत असलेलाच दिसतो. परंतु त्याच्या बोलण्यात खारटपणा येतो, आणि तो प्रथम घरच्यांस चाखावा लागतो. धर्मगुरू असल्यास त्याच्या ग्रामस्थांस.

आता कोणी म्हणेल, “संसारी माणसांचे हे ठीक, पण मेंढपाळाने कसे थांबावे?” ह्याचे उत्तर आपण उत्तम मेंढपाळापाशीच शोधू. प्रभू येशू शोमरोनात विहिरीवर बसला तो थकून बसला, असे संत योहान स्पष्ट लिहितो. गालील समुद्रात वादळ उठले तेव्हा तो होडीच्या मागल्या भागी उशीवर डोके टेकून झोपला होता. संत मार्काने ती उशीदेखील नमूद केली आहे. प्रेषित जेव्हा पहिल्या कामगिरीवरून परत आले आणि त्यांस जेवावयासही सवड मिळेना, तेव्हा त्याने त्यांस आणखी काम न सांगता एकांती चालून थोडे विसावण्यास सांगितले. पलीकडच्या किनाऱ्यावर लोक आधीच जमले होते हे खरे. त्यांस पाहून त्याचे अंतःकरण कळवळले आणि तो त्यांस शिकवू लागला हेही खरे. परंतु त्याच संध्याकाळी लोकांस निरोप देऊन तो डोंगरावर एकटा प्रार्थनेस गेला. कळवळा आणि एकांत ह्यांपैकी त्याने एकही सोडले नाही. आणि भागलेल्यांस त्याने विसाव्याचे वचन दिले तेव्हा त्याच वचनात आपले जू खांद्यावर घ्यावयासही सांगितले. ही गोष्ट मला फार विचार करावयास लावते. विसावा हवा तर जू फेकून द्या, असे तो म्हणत नाही. जू त्याचे आहे आणि आपण ते त्याच्यासह ओढीत आहो, हे ओळखण्यातच विसावा आहे. आपल्यास थकविते ते जू पुष्कळ वेळा त्याने दिलेले नसतेच; ‘माझ्यावाचून चालणार नाही’ ह्या समजुतीचे ते असते, आणि ते आपण आपल्या हातांनीच मानेवर चढविलेले असते.

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची हकिगत आहे. ईजबेल राणीच्या भयाने तो रानात पळाला, एका झुडपाखाली बसला आणि ‘आता मरण दे’ अशी त्याने देवाकडे विनवणी केली. देवाने त्यास उपदेश केला नाही, की दोषही दिला नाही. त्यास झोप लागू दिली. दूताने त्यास उठवून निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू दाखविला. तो जेवला आणि पुन्हा झोपला; दूताने त्यास दुसऱ्यांदा उठवून जेवू घातले. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस होरेब पर्वतापर्यंत चालत गेला. तेथे त्यास जी नवी आज्ञा झाली तिच्यात आपल्या जागी अलीशाला अभिषेक करण्याचीही आज्ञा होती. बारा जोड्या लावून जेथे नांगरणी चालली होती त्या शेतात जाऊन एलियाने आपला झगा त्या तरुणाच्या अंगावर टाकला. विसावा, पुढची वाटचाल आणि उत्तराधिकारी हे तिन्ही एकाच देवाने दिले. ह्यांपैकी कोणत्याही एका क्षणी एलियाचे पाचारण खुंटले असे कोण म्हणेल?

आम्हां धर्मगुरूंचा आश्रयदाता संत जॉन मेरी व्हियान्नी ह्याच्या चरित्रात तर ही ओढाताण आरशाप्रमाणे दिसते. फ्रान्स देशातील लियों शहराजवळच्या दार्दिली गावी १७८६ साली एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. लॅटिन भाषा त्यास अतोनात जड गेली. अखेर १८१५ साली त्यास गुरुदीक्षा मिळाली, आणि १८१८ मध्ये सुमारे अडीचशे वस्तीच्या आर्स ह्या लहानशा खेड्यात त्यास धाडण्यात आले. तेथे तो मरेपर्यंत एकेचाळीस वर्षे राहिला. दूरदूरचे लोक पापस्वीकारासाठी त्याच्याकडे लोटू लागले, आणि मध्यरात्रीनंतर लवकरच देवळात येऊन तो दिवसाचे बारा-बारा, सोळा-सोळा तास पापस्वीकार ऐके. ह्याच मनुष्याने आर्स सोडून एकांतात जाण्याचा यत्न एकदा नव्हे, अनेकदा केला, हे आपल्यांपैकी थोड्यांस ठाऊक असेल. १८४३ साली भारी दुखण्यातून उठल्यावर तो आपल्या जन्मगावी निघून गेला. यात्रेकरू तेथेही त्याच्या मागोमाग गेले, आणि थोड्याच दिवसांत तो परतला. १८५३ च्या सप्टेंबरात, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, तो एका रात्री पुन्हा निघाला. गावास सुगावा लागला. देवळाची घंटा संकटसमयी वाजवावी तशी वाजविली गेली, लोक कंदील घेऊन धावले आणि त्यांनी त्याची वाट अडविली. त्याच्या एका सोबत्याने त्याचा प्रार्थनाग्रंथ दडवून वेळ काढला. शेवटी तो माघारी फिरला, देवळात गेला आणि पापस्वीकाराच्या आसनावर जाऊन बसला. १८५९ च्या ऑगस्टच्या ४ तारखेस त्याने देह ठेविला. १९२५ साली पोप अकरावे पायस ह्यांनी त्यास संतपद दिले, आणि १९२९ मध्ये जगातील सर्व धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचा आश्रयदाता म्हणून त्याचे नाव जाहीर केले.

ही हकिगत सांगताना आम्ही बहुधा संताची स्तुती करतो आणि पुढे जातो. मला त्या घंटेविषयी थोडे बोलावयाचे आहे. आर्सच्या लोकांचे आपल्या पाळकावर निःसंशय प्रेम होते. परंतु घंटा वाजवून मनुष्यास अडविणे सोपे असते. त्याचा भार वाटून घेणे कठीण असते. त्याच्या साहाय्यास धर्मप्रांताने इतर धर्मगुरू दिले, हेच त्याच्यावरील खरे उपकार झाले. आणि तो राहिला तो घंटेसाठीही राहिला नाही. त्याच्या महागुरुस्वामींची इच्छा त्याने आर्समध्येच राहावे अशी होती, आणि त्या आज्ञेत त्यास देवाची इच्छा दिसली. पवित्र साक्रामेंतासमोर तो जे तास घालवी तोच त्याचा विसावा होता; तो त्यास त्या रात्रीच्या आधीही होता आणि नंतरही होता.

आपल्या डोळ्यांदेखत दोन पोपांनी ह्याच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. दुसरे जॉन पॉल ह्यांनी कंप पावणारे हात आणि मावळलेला आवाज घेऊन २ एप्रिल २००५ रोजी मृत्यू येईतो आपले पद सांभाळले. सोळावे बेनेडिक्ट ह्यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपले बळ आता ह्या कार्यास पुरत नाही, असे जाहीर केले, आणि त्या महिन्याच्या अखेरीस पद सोडले. त्यानंतर ३१ डिसेंबर २०२२ रोजी निधन होईपर्यंत ते प्रार्थनेत राहिले. एकाने धीर दाखविला आणि दुसरा डगमगला, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. दोघांनीही देवासमोर उभे राहून आपापले उत्तर शोधले. पद ही पाचारणाची वस्त्रे होत. वस्त्रे उतरवून ठेविता येतात. पाचारण देहाबरोबर नव्हे, आत्म्याबरोबर राहते. गुरुदीक्षेचा ठसा पुसला जात नाही, असे ख्रिस्तसभा शिकविते. तसाच स्नानसंस्काराचाही जात नाही. म्हणून हे मी केवळ धर्मगुरूंविषयी बोलत नाही. नोकरीतून निवृत्त झालेला गृहस्थ, सुनेच्या हाती स्वयंपाकघर देऊन ओसरीवर बसलेली आजी, दुखण्याने अंथरुणास खिळलेला भाऊ, ह्यांस पुष्कळ वेळा वाटते की आपला उपयोग सरला. देवाने आपल्यास उपयोगासाठी नव्हे, प्रेमासाठी बोलाविले होते. त्याने हाक मारली ती कामास नव्हे; नावाने मारली.

आता माझ्या विनंत्या. पहिली विनंती त्या अर्जाविषयी. बंधूंनो, आपण घंटा वाजवू नये. तो अर्ज महागुरुस्वामींस न देता आपल्यापाशीच राहू द्यावा. महागुरुस्वामी येथे बसलेले आहेत. त्यांनी ‘राहा’ म्हटले तर मी राहीन, ‘जा’ म्हटले तर जाईन. त्यांच्या शब्दावर आपल्या प्रेमाचे ओझे पडू नये, एवढेच मागणे आहे. हे देऊळ आपल्या हातांनी उभे राहिले. येथे पन्नास वर्षांत माझ्याआधी किती धर्मगुरू आले आणि गेले, आणि दिवा मात्र विझला नाही. ज्युबिलीच्या वर्षी जे ज्याचे ते त्यास परत करावयाचे असते. हा धर्मग्राम प्रभूचा आहे. मी तो सात वर्षे कसला. आता तो धन्याच्या हाती परत देताना माझी मूठ आवळलेली असू नये.

दुसरी विनंती, जो नवा धर्मगुरू येईल त्याच्याविषयी. त्याची माझ्याशी तुलना करू नका. वर्षाकाठी एक महिन्यापर्यंत सुट्टी आणि त्याशिवाय ध्यानसाधनेचे दिवस धर्मसंहितेने धर्मगुरूस दिलेले आहेत; ते त्याने घेतले तर कुजबुजू नका. मरणासन्न मनुष्याकडे मध्यरात्रीही त्यास बोलवा, तो येईल. परंतु दाखल्यावरच्या सहीसाठी त्यास भरल्या ताटावरून उठवू नका. हिशेब, धर्मशिक्षण, आजाऱ्यांची विचारपूस ही कामे आपण अंगावर घ्या, म्हणजे त्याच्या विहिरीस पाणी येईल आणि ते आपणांसच प्यावयास मिळेल.

तिसरी विनंती घरोघरच्या रविवाराची. मिस्सा झाल्यावर निदान दुपारचे एक जेवण सर्व घराने एकत्र घ्यावे आणि त्या वेळी फोन दूर ठेवावेत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईस, वाडीत राबणाऱ्या गड्यास आठवड्यातून एक पूर्ण दिवस मजुरी न कापता द्यावा. तो आपला उपकार नव्हे, देवाची आज्ञा आहे. आणि आपल्या मुलामुलींपैकी कोणी पाचारणाची हाक ऐकली तर धर्मगुरूच्या जिण्यातील कष्ट मोजून त्यास भिववू नका. कष्ट आहेत, पण ज्या मालकाने होडीत झोपून दाखविले त्याच्या नोकरीत विसावाही आहे, हे अठ्ठेचाळीस वर्षांच्या अनुभवाने मी सांगू शकतो.

पुढे मी कोठे असेन ते महागुरुस्वामी सांगतील. जेथे असेन तेथे रोज मिस्सा अर्पीन, कोणी आला तर पापस्वीकार ऐकेन, आणि आपल्या वाडीवाडीची नावे घेऊन प्रार्थना करीन. ह्यास विसावा म्हणा की काम म्हणा. मला त्यांत भेद उरलेला नाही.

पवित्र मारिया, जिने देवाची हाक ऐकून होकार दिला आणि तीस वर्षे नाझरेथच्या घरी शांतपणे तो पाळला, ती आपल्या धर्मग्रामाची माता होवो. सर्वसमर्थ परमेश्वर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा आपणां सर्वांस, आपल्या मुलाबाळांस, आपल्या वाड्यांस आणि विहिरींस आशीर्वाद देवो. आमेन.